वागणें पालटतें तेव्हां

"स्वभावाला औषध नाहीं" ही म्हण आपल्याकडे बहुधा दुसऱ्याच्या दोषांना कंटाळून म्हटली जाते. रागीट माणूस रागीटच राहावयाचा, चिक्कू माणूस चिक्कूच राहावयाचा, मग त्याला उपदेश करून आपण शिणावें कशाला, असा तिचा रोजचा अर्थ. परंतु ह्याच म्हणींत दुसराहि एक अर्थ दडलेला आहे, आणि तो अधिक उपयोगाचा आहे असें आम्हांस वाटतें. ज्याला औषध नाहीं तो स्वभाव एखाद्या दिवशीं आपोआप पालटलेला दिसला, तर समजावें कीं कोठें तरी रोग आहे. बडबडें मूल जेवतांना गप्प बसलें म्हणजे आई त्याला कांहीं विचारण्याच्या आधीं त्याच्या कपाळाला हात लावून पाहते. हें निदान तिला कोणत्याहि वैद्यानें शिकविलेलें नसतें.

कथाकारांनीं ही गोष्ट फार प्राचीन काळीं हेरली. पात्राच्या तोंडून "मी संकटांत आहें" असें वदविण्यापेक्षां तें पात्र नेहमींसारखें वागत नाहीं एवढेंच दाखविलें, तर वाचकाच्या काळजांत अधिक लवकर चर्र होतें, हें त्यांस ठाऊक होतें. ह्या एका खुणेचा वाङ्मयांतील प्रवास थोडक्यांत पाहावा, असा ह्या लेखाचा हेतु आहे. मात्र तो पाहतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी अशी वाचकांस विनंती आहे. ही खूण एकट्यानें होत नाहीं. वागणारा बदलला, तरी तो पूर्वीं कसा होता हें जाणणारा कोणी समोर नसेल, तर बदल झाला असें म्हणणार कोण? म्हणून ह्या खुणेचा इतिहास हा संकटांत सांपडलेल्यांचा जितका आहे, तितकाच त्यांच्याकडे पाहणाऱ्यांचाहि आहे.

आरंभ वाल्मीकीपासून करणेंच योग्य. अयोध्याकांडांत रामाच्या यौवराज्याची वार्ता सांगण्यासाठीं दशरथ मोठ्या हौसेनें कैकेयीच्या महालांत जातो, आणि तिची शय्या रिकामी दिसते. येथें कवीनें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. राणी कोठें गेली हें तो लगेच सांगत नाहीं. ती वेळ राणीनें पूर्वीं कधींहि चुकविली नव्हती आणि राजानें तो महाल कधींहि शून्य पाहिला नव्हता, एवढेंच तो आधीं सांगतो. प्रथम नियम, मग नियमाचा भंग. नंतर भ्यालेली प्रतिहारी क्रोधागाराचें नांव घेते. राजा तेथें जातो तों अलंकार फेकून राणी भुईवर पडलेली. खूण त्याच्या डोळ्यांसमोर आहे. पण तो ती वाचीत नाहीं, ती लवकर मिटावी म्हणून धडपडतो. तुला बरें नसेल तर वैद्य आणवितों, कोणाला दंड करावयाचा असेल तर करितों, कोणाला सोडावयाचें असेल तर सोडितों, असें बोलत बोलत तो कारण कळण्याच्या आधींच शब्दांत गुंतून जातो. पुढील सारा अनर्थ ह्या घाईंतून झाला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीच खूण रामाला दिसते. वडिलांच्या मुखांतून "राम" एवढेंच अक्षर निघतें. पुढें त्यांना बोलवत नाहीं, पाहवतहि नाहीं. राम मनांशीं विचार करितो कीं, एरवीं वडील रागांत असले तरी मला पाहतांच प्रसन्न होतात, मग आज मला पाहून त्यांना हा क्लेश कां व्हावा? आणि तो कैकेयीला प्रश्न करितो: माझ्याकडून नकळत कांहीं अपराध झाला काय? त्यांची प्रकृति बिघडली काय? भरत, शत्रुघ्न किंवा माता ह्यांच्याविषयीं कांहीं अशुभ आहे काय? बापानें खूण पाहून वचन दिलें, मुलानें खूण पाहून प्रश्न विचारला. एकाच खुणेला दिलेलीं हीं दोन उत्तरें वाल्मीकीनें एका रात्रीच्या अंतरानें जवळजवळ ठेविलीं आहेत.

त्याच कांडांत पुढें भरत आजोळाहून परततो. मागें काय घडलें हें त्याला कोणीं सांगितलेलें नाहीं. पण दुरून नगरी दिसूं लागतांच तो सारथ्याला म्हणूं लागतो कीं ही अयोध्या नेहमींसारखी नाहीं. उद्यानांत माणसें नाहींत, वाद्यांचा घोष नाहीं, चंदनाचा व अगुरूचा वास घेऊन येणारा वारा नाहीं, घरांचीं दारें झाडलेलीं नाहींत. येथें एक पुरी नगरी आपला स्वभाव सोडून बसली आहे. आणि त्या उदास नगरींत भरत आईच्या महालांत शिरतो, तों ती आनंदानें सोन्याच्या आसनावरून उडी मारून उठते! सगळें गांव मूक आणि एकटी आई हर्षित. आम्हांला हा प्रसंग वाचतांना शोकापेक्षां ह्या हर्षाचेंच भय अधिक वाटतें.

आतांपर्यंतच्या ह्या खुणा न कळत उमटलेल्या. महाभारताच्या आदिपर्वांत ह्याहून वेगळा प्रकार आढळतो. पांडव वारणावतास निघाले तेव्हां त्यांच्यासाठीं तेथें लाक्षागृह रचलें जात असल्याचें विदुराला कळलेलें होतें. पण निरोपाच्या गर्दींत तें उघड बोलणें शक्य नव्हतें. विदुर म्हणजे कौरवसभेंतील स्पष्टवक्ता. धृतराष्ट्राला न रुचणारें सत्य तोंडावर सांगण्यांत त्याचा जन्म गेला. तोच विदुर त्या दिवशीं युधिष्ठिराजवळ कोड्यांत बोलूं लागतो: लोखंडाचें नसूनहि तोडणारें शस्त्र असतें, रान जाळणारा अग्नि बिळांत राहणाऱ्याला जाळीत नाहीं, हिंडणाऱ्याला वाटा कळतात आणि नक्षत्रांवरून दिशा कळतात. जवळ उभ्या असलेल्यांना तें असंबद्ध वाटलें असल्यास नवल नाहीं. युधिष्ठिर मात्र "समजलें" एवढेंच म्हणाला. पुढें कुंतीनें विचारलें, तेव्हां त्यानें घराला लागणाऱ्या आगीचा अर्थ तिला उलगडून सांगितला. विदुर रोज असाच गूढ बोलत असता, तर युधिष्ठिराचे कान टवकारले नसते. आयुष्यभराच्या सरळ बोलण्यानें त्याच्या एका वांकड्या बोलण्याला किंमत आणिली, आणि त्या किंमतीवर पांच भाऊ व त्यांची आई वांचलीं.

भारतीय महाकाव्यांतील ह्या प्रसंगांशीं ताडून पाहण्यासारखा एक प्रसंग ग्रीक रंगभूमीवर आहे. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांतील सोफोक्लीज ह्या नाटककाराचें 'अजॅक्स' म्हणून एक नाटक आहे. अकिलीझ मेल्यावर त्याचीं शस्त्रें आपणांस मिळावीं अशी अजॅक्सची अपेक्षा; तीं ओडिसियसला दिलीं गेलीं. त्या अपमानानें पेटून तो सेनापतींचा वध करावयास निघाला, परंतु अथीना देवीनें त्याची बुद्धि भ्रमविली आणि त्यानें शत्रू समजून जनावरेंच कापून काढलीं. शुद्धीवर येतांच लाजेनें त्यानें मरणाचा निश्चय केला. त्याची स्त्री टेक्मेसा काकुळतीला आली. तो द्रवला नाहीं. एवढें झाल्यावर तोच ताठ, हेकट, कोणापुढें न वांकणारा वीर एकाएकीं मऊ बोलूं लागतो. काळाच्या ओघांत सर्वच बदलतें, आपणहि देवांपुढें नमावयास आणि सेनापतींना मान द्यावयास शिकूं, आतां समुद्रकांठीं जाऊन शुद्ध होऊं आणि ही तरवार पुरून टाकूं, असें तो सांगतो. ऐकणारे त्याचे खलाशी आनंदानें नाचतात. इतक्यांत निरोप येतो कीं आजचा दिवस त्याला तंबूबाहेर जाऊं देऊं नका. पण तो गेलेला असतो, आणि समुद्रकांठीं त्यानें ती तरवार पुरलेली असते ती मूठ जमिनींत व टोंक वर अशी.

खलाशांनीं बदल पाहिला नाहीं असें नव्हे. तो त्यांना हवा तसा होता म्हणून त्यांनीं त्याची चौकशी केली नाहीं. वाईटाकडे झालेला बदल सर्वांना खुपतो. चांगल्याकडे झालेला बदल कोणालाच खुपत नाहीं. आजचे मनोविकारतज्ज्ञ सांगतात कीं फार दिवस निराशेंत बुडालेला मनुष्य एकाएकीं शांत आणि मोकळा दिसूं लागला, तर तें दर वेळीं बरें होण्याचें चिन्ह नसतें. कधीं कधीं त्यानें मनाशीं एक भयंकर निर्णय केल्याचें तें चिन्ह असतें, आणि अशा वेळीं त्याला एकटें सोडूं नये. हेंच शहाणपण अथेन्सच्या प्रेक्षकांपुढें जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीं मांडलें गेलें होतें.

सोफोक्लीजनंतरच्या शतकांत ॲरिस्टॉटलनें आपल्या काव्यशास्त्रांत ह्या प्रश्नाला शास्त्राचें रूप दिलें. पात्राचा स्वभाव सुसंगत असावा, आणि पात्र मुळांतच असंगत असेल तर त्याची असंगतीहि सुसंगत असावी, असें तो म्हणतो. युरिपिडीजच्या एका नाटकांतील इफिजिनिया आधीं प्राणांची भीक मागते आणि नंतर आपण होऊन बळी जावयास सिद्ध होते, हें त्याला पटलें नाहीं. येथें त्याचें मत सर्वांना मान्य होण्यासारखें नाहीं. कारण मृत्यूच्या दारांत उभ्या असलेल्या मुलीनें तसेंच राहावें हा आग्रहच थोडा कठोर आहे. तथापि त्याच्या नियमांतील मर्म खरें आहे. लेखकाच्या निष्काळजीपणानें पात्र बदललें तर तो दोष. जीवनाच्या आघातानें बदललें तर ती खूण. दोहोंतील फरक कळण्यासाठीं वाचकाला पात्राचे आघातापूर्वींचे साधे दिवस दाखविलेले असावे लागतात.

आपल्या नाट्यशास्त्रानें हीच गोष्ट शरीराच्या बाजूनें पाहिली. भरतमुनींनीं आठ सात्त्विक भाव सांगितले. त्यांत स्वरभेद आणि वैवर्ण्य हे दोन आहेत. स्वर आपला न राहणें आणि वर्ण आपला न राहणें, असा त्यांचा सरळ अर्थ. नट हे भाव दाखवितो ते समोरच्या जाणकारासाठीं. तो जाणकार नसला म्हणजे काय होतें, ह्याचें उदाहरण कालिदासानें 'शाकुंतला'च्या चौथ्या अंकांत घालून दिलें आहे. कण्व सोमतीर्थाला जातांना पाहुण्यांच्या स्वागताचें काम शकुंतलेवर सोंपवून गेलेले. आतिथ्य हा तिचा नित्यधर्म. पण दुष्यंत राजधानीला परत गेलेला, तिचें चित्त त्याच्यामागें गेलेलें. अशा वेळीं दुर्वास दाराशीं येऊन हांक मारतात आणि तिला ती ऐकूंच येत नाहीं. अनसूया किंवा प्रियंवदा तेथें असती तर तिनें ओळखलें असतें कीं ही आज शुद्धीवर नाहीं. दुर्वासांना तिचा कालचा दिवस ठाऊक नव्हता. त्यांनीं खुणेला अपमान मानलें आणि शाप देऊन ते निघून गेले.

त्याच नाटकाच्या पांचव्या अंकांत दुष्यंत हंसपदिकेचें गीत ऐकतो आणि कोणाचाहि विरह नसतां आपलें मन कां व्याकुळ व्हावें, हें त्याचें त्याला कळत नाहीं. येथें माणूस स्वतःच स्वतःला अनोळखी झाला आहे. खूण आंतून येत आहे, पण ती वाचणारी स्मृतीच शापानें हिरावून नेलेली. खुणेला साक्षी लागतो हें आम्हीं वर म्हटलें. कालिदासानें तो साक्षी माणसाच्या पोटांतच असतो आणि कधीं कधीं तोहि हरवतो, असें दाखविलें.

युरोपांत ह्या खुणेला मोठा विस्तार शेक्सपिअरनें दिला. १६०० च्या सुमारास लिहिलेल्या 'हॅम्लेट'मध्यें राजपुत्राचें वागणें बदललेलें सर्वांनाच दिसतें. प्रश्न एवढाच कीं तें कशामुळें बदललें. पोलोनियसला मुलीच्या बापाचे डोळे, म्हणून त्याला प्रेमभंग दिसतो. आईला आपल्या घाईनें केलेल्या पुनर्विवाहाची टोंचणी, म्हणून तिला तेंच कारण दिसतें. राजाच्या हातून भावाचा खून झालेला, म्हणून त्याला धोका दिसतो. जो तो हॅम्लेटच्या तोंडावर आपल्याच मनाचा मजकूर वाचतो. त्यांतून हॅम्लेटनें वेडाचें सोंग मुद्दाम घेतलेलें. खरें दुःख आणि सोंग ह्यांची सरमिसळ झाल्यामुळें कोणती खूण खरी हें त्यालाहि सांगतां आलें असतें कीं नाहीं, कोण जाणे. आगरकरांनीं हें नाटक १८८३ मध्यें 'विकारविलसित' ह्या नांवानें मराठींत आणिलें; मनाच्या विकारांचा खेळ हाच त्याचा गाभा, हें त्यांनीं नांवांतच सांगून टाकलें.

'ज्यूलिअस सीझर'मधील पोर्शिया मात्र खूण बरोबर वाचते, कारण ती अनुमानावर न विसंबतां पाहिलेलें सांगते. काल रात्रीं जेवतांना तुम्ही एकाएकीं उठलांत, येरझारा घालूं लागलांत, मीं विचारलें तर नुसते पाहत राहिलांत, पुन्हां विचारलें तर पाय आपटून हातानेंच मला जावयास सांगितलेंत, असा हिशेब ती ब्रूटसपुढें मांडते. पत्नीला हें सांगण्याचा अधिकार आहे, कारण तिनें नेहमींचा ब्रूटस पाहिलेला आहे. 'ऑथेल्लो'त ह्याच्या अगदीं उलट घडतें. देवलांच्या 'झुंझारराव' (१८९०) ह्या रूपांतरामुळें हें कथानक मराठी प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाचें झालें. मूळ नाटकांत व्हेनिसहून आलेल्या लोदोव्हिकोसमोर ऑथेल्लो आपल्या निरपराध बायकोला मारतो. हाच का तो धीरोदात्त सेनापति, ह्याचें डोकें ठिकाणावर आहे ना, असें लोदोव्हिको चकित होऊन विचारतो. प्रश्न अगदीं योग्य. पण तो विचारतो कोणाला, तर इयागोला! ज्यानें विष कालविलें त्यालाच रोग्याची विचारपूस. इयागो सज्जनपणाचा आव आणून म्हणतो कीं तुम्हीच काय तें पाहा. लोदोव्हिको हळहळतो आणि निघून जातो. खूण पाहून हळहळणें आणि खूण पाहून तेथें थांबणें ह्यांत एका स्त्रीच्या प्राणाचें अंतर होतें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कथेनें ही खूण नाटकाच्या सभागृहांतून काढून घराच्या कोपऱ्यांत नेली. स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या कथेंत डॉक्टर जेकिल आपल्या खोलींत कोंडून घेऊन बसतो. त्याचे मित्र मोठे विद्वान, वकील आणि वैद्य. त्यांना कांहींतरी बिघडलें आहे एवढेंच वाटतें. निश्चयानें बोलतो तो त्याचा नोकर पूल. वीस वर्षें ह्या घरांत काढल्यावर मालकाच्या आवाजाविषयीं माझी फसवणूक होईल काय, असें तो विचारतो. आणि आंतील पावलांचा आवाजहि मालकाच्या जड, करकरणाऱ्या पावलांसारखा नाहीं, हें तो वकिलाच्या ध्यानांत आणून देतो. विद्वत्तेनें जें कळलें नाहीं तें रोजच्या चाकरीनें कळलें.

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) मध्यें हीच खूण पत्रांतून येते. परदेशीं गेलेल्या जोनाथनचें पत्र मीनाला मिळतें. अक्षर त्याचेंच, त्यांत संशय नाहीं. मजकूर एका ओळीचा: आपण आतां घरीं यावयास निघत आहों. आनंदाची बातमी, पण हें जोनाथनसारखें नाहीं, असें मीनाला वाटतें आणि तिच्या मनाला घोर लागतो. वाचकाला मात्र आधींच ठाऊक असतें कीं जोनाथन कैदेंत आहे आणि पुढच्या तारखा घालून तीं पत्रें त्याच्याकडून बळजबरीनें लिहवून घेतलीं आहेत. पकडणाऱ्याला अक्षराची जबरदस्ती करतां आली, आपुलकीची करतां आली नाहीं. त्या एका ओळींत जें लिहिलेलें नव्हतें तेंच मीनानें वाचलें.

कॉनन डॉइलनें तर ह्या खुणेचें शास्त्र बनविलें. १८९२ च्या एका गोष्टींत रात्रीं तबेल्यांतून घोडा नेला जातो आणि कुत्रा भुंकत नाहीं. ह्या न भुंकण्यावरून शेरलॉक होम्स ओळखतो कीं आलेला मनुष्य कुत्र्याच्या परिचयाचा होता. परंतु ह्याच लेखकाची १९१३ ची एक गोष्ट आम्हांला अधिक विचार करण्यासारखी वाटते. तींत होम्स मरणासन्न असल्याचें सोंग घेतो, भ्रमांत बरळतो, आणि जिवलग मित्र वॉटसन ह्याला अंथरुणाजवळ येऊं देत नाहीं. कारण तो शेवटीं सांगतो: वॉटसन जवळ आला असता तर वैद्य म्हणून त्यानें सोंग ओळखलें असतें. दुरून पाहणाऱ्याला खुणेनें फसवितां येतें, जवळ येणाऱ्याला नाहीं. होम्ससारख्या महाधूर्तालाहि मित्राला हातभर दूर ठेवणें भाग पडलें.

असो. ह्या खुणेचा अतिरेकहि होऊं शकतो, आणि त्याची थट्टा आपल्याकडे देवलांनींच १९१६ च्या 'संशयकल्लोळा'त केली आहे. घेरी आलेल्या मुलीला सांवरणें किंवा वाटेंत पडलेली तसबीर उचलणें, ह्या साध्या गोष्टींतून फाल्गुनराव आणि कृत्तिका हीं दोघें एकमेकांचें वागणें बदललें असें ठरवून मोकळीं होतात. संशयी मनुष्य खुणा पुष्कळ पाहतो, पण त्याला माणूस दिसत नाहीं. खूण वाचणें आणि पाळत ठेवणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीच्या मुळाशीं ओळख असते, दुसरीच्या मुळाशीं भीति.

आतां आमच्या मनांत जो खरा प्रश्न आहे तिकडे वळतों. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० पासून 'करमणूक' पत्रांत जी कादंबरी क्रमशः लिहिली, तिला त्यांनीं नांव दिलें 'पण लक्षांत कोण घेतो?' आम्हीं येथवर जो इतिहास सांगितला त्या सर्वाचा शेवट ह्या चार शब्दांच्या प्रश्नांत होतो. कथा सांगते ती यमुना, एक विधवा. आणि तिच्याबरोबर दुर्गीसारख्या तिच्या सोबतिणींचे हाल आपण पाहतों. ह्यांतील दुःख कोठें लपलेलें नाहीं. तें माजघरांत, ओटीवर, सर्वांच्या देखत घडतें. मग तें कोणाच्या लक्षांत कां येऊं नये?

आमच्या मतें ह्याचें एक कारण असें. खूण उमटण्यासाठीं माणसाला आधीं स्वभाव असावा लागतो. निदान तो असल्याचें घरानें मान्य करावें लागतें. आठ-दहा वर्षांची मुलगी सासरीं येई ती पहिल्या दिवसापासून मान खालीं घालून. माहेरीं ती हंसरी होती कीं हट्टी, तिला गाणें आवडे कीं झाडावर चढणें, हें सासरीं कोणीं पाहिलेलें नसे आणि पाहावें असें कोणास वाटतहि नसे. तिचें गप्प राहणें म्हणजे वळण, तिचें न जेवणें म्हणजे मर्यादा, तिचें रडणें म्हणजे माहेरची आठवण. जिच्या मौनालाच सद्गुण ठरविलें तिनें संकटाची खूण करावी तरी कशी? दशरथाच्या राणीला रुसावयास एक स्वतंत्र घर होतें आणि ती तेथें गेली कीं राजा धांवत येई. आमच्या घरांतील सुनेला क्रोधागार नव्हतें. तिला फार तर परसांतली विहीर होती.

आमच्या घरीं वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली एक हकीकत येथें सांगावीशी वाटते. घरांतील एक वृद्ध बाई निरक्षर होती. तिची धाकटी लेक दूर गांवीं दिलेली. तिचीं पत्रें थोरला मुलगा वाचून दाखवी. एकदां असेंच पत्र आलें. वडिलांस शिरसाष्टांग नमस्कार, मुलांस अनेक आशीर्वाद, इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावें. मुलगा पत्र वाचून संतुष्ट झाला. बहिणीचें लिहिणें सुधारलें, शुद्धलेखनाची एकहि चूक नाहीं, असें तो म्हणाला. म्हातारीनें पत्र पुन्हां वाचावयास लाविलें आणि विचारलें, "तांबू गाईचें कांहीं लिहिलें आहे का रे?" नव्हतें. "मग हें पत्र तिचें नव्हे. उद्यां पहिल्या गाडीनें तूं जा." मुलगा कुरकुरत गेला. बहीण बाळंतपणानंतरच्या तापानें महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती; घरांतील कोणी शहाण्यानें तिच्या नांवानें तें निर्दोष पत्र लिहून टाकलें होतें. वेळेवर माहेरीं आणल्यामुळें ती वांचली आणि पुढें पुष्कळ वर्षें जगली. मीनाची कथा त्या म्हातारीनें वाचली नव्हती. तिला वाचतांच येत नव्हतें.

ह्या हकीकतींत आम्हांला विशेष वाटतें तें बाईच्या चातुर्याचें नव्हे. इतक्या वर्षांत आलेल्या प्रत्येक पत्रांत लेक गाईविषयीं विचारते, ही क्षुल्लक गोष्ट तिनें मनांत जपून ठेविली होती, ह्याचें वाटतें. ज्या दिवशीं कांहींहि विशेष घडत नाहीं अशा दिवसांचें ज्ञान तिच्यापाशीं होतें. संकटाच्या दिवशीं तेंच उपयोगी पडलें. शुद्धलेखन पाहणाऱ्या मुलापाशीं तें नव्हतें.

आज चिठ्ठीपत्रीचे दिवस मागें पडले. बालविवाहाला कायद्यानें आळा घालण्यास १९२९ च्या शारदा कायद्यापासून आरंभ झाला, आणि मुली शिकून आपल्या पायांवर उभ्या राहूं लागल्या. क्षेम कळविण्याचीं साधनें इतकीं वाढलीं आहेत कीं दिवसांतून दहा वेळां "सर्व ठीक" असें कळवितां येतें. पण "इकडील सर्व क्षेम" आणि "सर्व ठीक" ह्या दोहोंत फारसें अंतर नाहीं. दोन्हीं सांचे आहेत, आणि सांच्याच्या आड माणूस बदललेला कळत नाहीं. परगांवीं शिकावयास गेलेला मुलगा, एकट्यानें राहणारे वडील, नवऱ्याबरोबर परदेशीं गेलेली मुलगी, ह्यांच्यापैकीं कोणी एखाद्या दिवशीं नेहमींची कुरकुर करणें थांबवितें, आणि आपण त्याला समाधान समजतों. अजॅक्सच्या खलाशांनीं समजलें त्याप्रमाणेंच.

कथाकारांनीं तीन हातांवरून दिलेली ही शिकवण आपणांस उपयोगी पडावयाची असेल, तर ती संकटाच्या दिवशीं शिकतां येणार नाहीं. दशरथाप्रमाणें घाईनें वचनें देऊन भागत नाहीं, दुर्वासांप्रमाणें अपमान मानूनहि भागत नाहीं, आणि लोदोव्हिकोप्रमाणें तिसऱ्यालाच विचारून निघून जाणें तर सर्वांत वाईट. वडिलांचा चेहरा उतरलेला पाहून रामानें जें केलें तें मात्र कोणत्याहि घरांत करतां येण्यासारखें आहे. तो तेथेंच उभा राहिला, आणि सर्वांत आधीं त्यानें हें विचारलें कीं माझ्याकडून तर कांहीं चुकलें नाहीं ना?